दुधनीच्या शेतातली जागा

मयताच्या घरी येऊन माणसं काय विचारतील ह्याचा काही नेम नाही. ईरप्पा जाऊन नववा दिवस. सकाळपासूनची ही चौथी बाई. काशम्माच्या गळ्यात पडून रडली, पदरानं डोळे पुसले, चहाला नको नको म्हणत कप रिकामा केला आणि मग हळूच म्हणाली, "बाकी ट्रिप कशी झाली वो काकू?"

बाकी म्हणजे नवरा गेला तेवढं सोडून! काय म्हणावं ह्या माणसांना?

पण काशम्मा सांगायची. पहिले दोन दिवस तिला राग यायचा. मग तिच्या ध्यानात आलं, की अंदमानच्या त्या ट्रिपमधला तेवढाच भाग आहे जो आपल्याला खोटं न बोलता सांगता येतो. म्हणून ती तो पोटभर सांगायची. सून अक्षता मोबाईल आणून फोटो दाखवायची आणि येणारी बाई डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून "अय्या, किती निळं पाणी!" म्हणायची.

ईरप्पानं चौतीस वर्षं एसटी चालवली. सोलापूर, अक्कलकोट, दुधनी आणि परत. एवढं स्टिअरिंग फिरवलं, पण समुद्र काही बघितला नाही. मुलानं, अनिलकुमारनं, टूरमध्ये दोघांची नावं घातली तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हणाला. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. विमान उतरताना तर त्यानं पुढच्या सीटखाली पाय असा काही दाबून धरला, की काशम्मा म्हणाली, "ब्रेक लागला वो, सोडा आता." शेजारच्या सीटवरच्या मथुराबाई, माळशिरसच्या, टूरमध्येच ओळख झालेल्या, त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मग ती काचेच्या तळाची बोट. सगळी माणसं वाकून रंगीत मासे बघतायत आणि हा गडी मागं जाऊन बोटवाल्याला मोडक्या हिंदीत विचारतोय, इंजिन कुठल्या कंपनीचं, डिझेल किती खातं. जेवायला रोज माशाचा वास. ही दोघं खोलीत बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची. तिसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून फुलाफुलांची अर्धी चड्डी आणली आणि घालून दारात उभा राहिला. काशम्माला लाज वाटली, ती नको नको ते बोलली. "साठी झाली, नातवंडं हायत, जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा," असं म्हणाली. अर्धा दिवस अबोला. तो अर्धा दिवस आता तिला फार टोचायचा. सात दिवसांतले चार तर मिळाले होते, त्यातला अर्धा तिनं फुकट घालवला.

संध्याकाळी मात्र पाण्याच्या कडेला त्यानं तिचा हात धरला. चारचौघांत. संसाराला सदतीस वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदाच. लाट आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि ती लहान पोरीसारखी ओरडली. तो फोटो मथुराबाईंनी काढला होता. बायका तो मोठा करून करून बघायच्या.

"आणि मग?"

"मग काय. तसं झालं," काशम्मा म्हणायची, आणि इथून पुढं खोटं सुरू व्हायचं.

ते खोटं असं होतं. वादळामुळं बोटी बंद पडल्या, फोन लागेना, त्या छोट्या बेटावर पुरायला कुठं जागा नाही, म्हणून तिथल्या सरकारी माणसांनीच ईरप्पाला जाळलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

हे खोटं तिला का लागलं, तर ह्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. लिंगायत घर. माणूस गेला की त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, बसवून, आयुष्यभर गळ्यात वागवलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मातीत देतात. दुधनीला थोरल्या दिराच्या, संगप्पाच्या, शेतात बांधाकडेला ह्या घरातली चार पिढ्यांची माणसं तशी बसलेली आहेत. सासऱ्याच्या शेजारची जागा ईरप्पाची. त्याच्या शेजारची काशम्माची. लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं तिला ती जागा दाखवली होती, घरातली खोली दाखवावी तशी.

राखेचा डबा आणि ईरप्पाच्या गळ्यातलं लिंग घेऊन ती सोलापूरला उतरली, तेव्हा पाटीलकी करणारा हा संगप्पा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सरकारनं जाळलं त्याला तू काय करणार, काशम्मा? तुझा काय दोष न्हाई. मी मठातल्या स्वामींना विचारलंय. राख असू दे, लिंग असू दे, बापाच्या शेजारी ठेवू." त्या दिवशी पहिल्यांदा तिनं पोटभर जेवण केलं.

उद्या सकाळी आठला दुधनीला जायचं होतं.

खरं काय झालं होतं, ते फक्त तिला ठाऊक होतं. तिला आणि बेटावरच्या माणसांना, पण ती माणसं कोण दुधनीला येतायत!

चौथ्या दिवशी दुपारी ईरप्पा पाण्यातून बाहेर आला, वाळूत बसला आणि म्हणाला, "काशे, छातीत गच्च झालंय. जरा पाणी बघ." ती शहाळं घेऊन वळली तर तो आडवा झालेला. डॉक्टर धावत आला, तरणा पोरगा, त्यानं छाती दाबून दाबून बघितली. अंगावर ती फुलाफुलांची चड्डी. काशम्माला त्या घडीला रडू नाही आलं, लाज वाटली. लोकांनी त्याला तसं बघू नये म्हणून तिनं पदर सोडून त्याच्यावर घातला.

रात्रीतून वारं सुटलं. बोटी तीन-चार दिवस बंद, असं सकाळी सांगितलं. दवाखान्यात मयत ठेवायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाला, आज दुपारच्या आत काय ते करा. टूरवाला पृथ्वीराज तिच्यापुढं उकिडवा बसून म्हणाला, "वहिनी, तुमच्यात कसं असतं? माती का अग्नी? सांगाल तसं करतो." भला माणूस. आणि तिथला एक बंगाली दुकानदार होता, मंडलबाबू म्हणायचे त्याला. आपल्या नारळाच्या बागेच्या कडेची जागा त्यानं न मागता दिली. दोन माणसं कुदळी घेऊन उभी केली. "दीदी, इधर अच्छा मिट्टी है," म्हणाला.

तेवढ्यात फोन लागला. एकदाच. संगप्पाचा. आदल्या संध्याकाळीच पृथ्वीराजनं घरी कळवलं होतं.

"काशम्मा, ऐक. तिथंच माती दे. आग लावू देऊ नको कुणाला. हातात लिंग ठेव, विभूती लाव, शिवाचं नाव घे. आमी मागनं येतो."

शब्द न् शब्द ऐकू आला. पावसात, वाऱ्यात, बाजूला बसल्यासारखा. आणि काशम्मा म्हणाली, "हॅलो? हॅलो? काय ऐकू येईना वो," आणि तिनं फोन बंद केला.

आमी मागनं येतो! कोण येणार होतं? गुडघ्यांनी जिना न चढणारा संगप्पा? का रजा मिळत नाही म्हणून आई-बापाला एकटं धाडणारा अनिल? एकदा येतील, फोटो काढतील, आणि संपलं. तिनं मंडलबाबूची जागा बघितली. वीस पावलांवर समुद्र. चिटपाखरू ओळखीचं नाही, बोली ओळखीची नाही. रोजची गाडी डेपोत लावून रोज घरी परत येणारा माणूस तो. सासुरवाडीला मुक्काम करायचा नाही. त्याला त्या पाण्याच्या कडेला एकटं बसवून आपण विमानात बसायचं? राख तर मांडीवर घेऊन जाता येते, एवढंच तिला सुचलं.

"जाळा," ती पृथ्वीराजला म्हणाली. "मी त्यांना घरी नेणार."

लिंग तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातनं काढलं. लाकडं ओली होती. पेटेनात. रॉकेल ओतलं, परत विझलं, परत ओतलं. सहा तास लागले. मथुराबाई सगळा वेळ तिला कवळ्यात धरून पावसात उभ्या होत्या, एकदाही चला म्हणाल्या नाहीत. आणि काशम्माला वाटत राहिलं, की काल हा आपला आपण मेला, आज मात्र मी मारला.

तर आज, नवव्या दिवशी, चौथी बाई फोटो बघून गेली आणि संगप्पा दुधनीहून आला. खड्डा खणून झाला, स्वामींना गाडी सांगितली, सगळं निगुतीनं सांगत तो खुर्चीवर बसला. अनिल शेजारी उभा. आणि दारात रिक्षा थांबली. मथुराबाई, एकट्या, माळशिरसहून तीन गाड्या बदलून आलेल्या. हातात डाळिंबांची पिशवी.

दोघी एकमेकींना धरून रडल्या. तेव्हाच काशम्माच्या ध्यानात आलं, की हिनं तिथलं सगळं बघितलंय. पण अंदमानात सोबत असलेल्या बाईला गप्प बसा म्हणून कसं सांगायचं, दिरासमोर?

"लई धीराची बाई वो तुमची," मथुराबाई संगप्पाला म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या, कौतुकानं. "मी तर ढसाढसा रडत हुते. त्या बंगाल्यानं बागंत जागा दिली, खणायला माणसं दिली. मी बी म्हणलं, काशाबाई, तुमच्यात माती असती न्हवं? पर ही म्हणली, न्हाई, जाळा, मी त्यास्नी घरी नेणार. एवढ्या पावसात खांबावानी उभी हुती."

अक्षता चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"कुठली जागा?" संगप्पानं विचारलं.

मथुराबाईंच्या तोंडावरचा रंगच गेला. त्यांनी काशम्माकडं बघितलं.

काशम्माला सुटायला वाट होती. 'बाईंचा घोटाळा होतोय, भावजी, वय झालंय, दगदग झाली,' एवढं म्हटलं की झालं. मथुराबाई मान खाली घालून गप्प बसल्या असत्या, सगळ्यांनी पटवून घेतलं असतं, आणि उद्या आठला ईरप्पा आपल्या बापाशेजारी गेला असता. तिनं तोंडही उघडलं. पण ही बाई सहा तास पावसात उभी होती. तिला खोटं पाडायला जीभ वळेना. आणि खरं सांगायचं तर इतके दिवस खोटं बोलून ती मेटाकुटीला आली होती.

"व्हय," ती म्हणाली. "जागा हुती."

"आणि माझा फोन?"

"ऐकला मी. सगळा ऐकला."

संगप्पानं मान खाली घालून आपल्या हातांकडं बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "माझ्या भावाला," तो म्हणाला, "जागा असताना, मी सांगितलेलं असताना, तू जाळलंस."

"घरी आणलं की वो, भावजी!" काशम्माचा आवाज फुटला. "तितं ठेवून आले असते तर तुमी गेला असता का कधी दिवा लावायला? खरं सांगा. राख वाईट असती तर रोज कपाळाला काय लावता?"

"ते मला शिकवू नको." तो उठला. "लिंग दे. ते मातीत ठेवू, त्याला दोष न्हाई. राख त्या शेतात येणार न्हाई. नदीत सोडा, कुटं सोडायची तितं सोडा. स्वामींना मी काय तोंडानं सांगू? चार पिढ्यांत असं झालं न्हाई." मग जरा थांबून, जणू मोठं मन करून, म्हणाला, "तुझी जागा हाय तशीच ऱ्हाईल. त्यात मी वाकडं करणार न्हाई. तुला आमी रीतीनं बापाजवळच बसवू."

हे ऐकलं आणि काशम्माला भयंकर राग आला. म्हणजे ज्यानं काही केलं नाही तो बाहेर, आणि जिनं केलं तिला जागा. सासऱ्याजवळ, दिराजवळ, सगळ्या घराजवळ. एकट्या ईरप्पापासून लांब. ती त्याला बेटावर एकटं सोडून आली नाही, आणि आता हे तिला त्याच्याशिवाय बसवणार.

तिनं संगप्पाकडं बघितलंच नाही. ती मुलाकडं वळली.

"अनिल, मला जाळायचं."

"अव्वा, काय बोलतीस हे? बस खाली."

"न्हाई बसत. ऐक. मी गेले की मला दुधनीला न्यायचं न्हाई. माती द्यायची न्हाई. जाळायचं, आणि हेंची राख जिथं सोडशील तिथंच माझी सोडायची. मथुराबाई साक्षीला हायत. सांग, करशील का न्हाई?"

"अव्वा, आत्ता कशाला..."

"आत्ताच. व्हय म्हण."

मथुराबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. काशम्मा मुलाच्या दंडाला धरून उभी होती.

"व्हय म्हण की रे!"

अनिलकुमारनं आधी काकांकडं बघितलं.