मार्च, सन १३०१

इस्तंबूलहून आलेलं पाकीट हेमचंद्र टिपणीसने उभ्यानेच फोडलं आणि आतला फोटो जर्सी सिटीतल्या त्या अपार्टमेंटच्या खिडकीपाशी उजेडात धरला. फोटोतलं पत्र तेच होतं, त्याने सात वर्षं आधाराला धरलेलं. मायक्रोफिल्मवर जिथे नुसता डाग दिसायचा, तिथे महिन्याचं नाव आता स्वच्छ वाचता येत होतं. मार्च.

चार तासांनी मॅनहॅटनच्या कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं. तीन वर्षं तिथे तो हंगामी शिकवत होता. कायमची नेमणूक आजच्या व्याख्यानावर ठरणार होती आणि व्हिसा नेमणुकीवर. तो १९८६च्या जूनमध्ये संपत होता.

त्याचा विषय होता एकोणिसाव्या शतकात तुर्की सैन्य सुधारायला आलेले जर्मन सल्लागार. राखीव फौजेची एक योजना त्यांच्यापैकी एकाच्या नावावर होती. त्याचा अहवाल डिसेंबर १८८४चा. हेमचंद्रला मात्र त्याच्या दुभाष्याचं, कॅप्टन नुरीचं पत्र सापडलं होतं. योजना तीच, सन १३०१. हिजरी सनाप्रमाणे ते वर्ष ऑक्टोबर १८८४मध्ये संपतं, म्हणजे पत्र अहवालाआधीचं. साहेबाने हाताखालच्या माणसाचं काम आपल्या नावावर खपवलं, हे हेमचंद्र सात वर्षं मांडत आला होता. त्यावर लेखही छापून आला होता. त्याचे वडील साताऱ्यात पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, त्यांचे नकाशे साहेबांच्या सहीने पुढे जात. नुरी त्याला घरच्यासारखा वाटायचा.

पण तिथे दोन सन चालत, आपल्याकडे शक आणि संवत आहेत तसे. त्याने धरलेल्या हिजरी, म्हणजे चांद्र सनात मार्च महिनाच नव्हता. म्हणजे सन दुसरा, सौर, आणि वर्ष १८८५. पत्र अहवालानंतरचं होतं.

त्याच्या बायकोने, मृणालिनीने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “आज नको सांगूस. नेमणूक होऊ दे, मग करेक्ट कर. आपल्या लताला शाळेतून काढून भारतात परत न्यायचं का?”

तिचं चूक नव्हतं. त्याने मान डोलावली. मॅनहॅटनला नेणाऱ्या पाथ ट्रेनमध्ये मात्र तो हातातले कागद पुन्हापुन्हा चाळत राहिला. तारखेचं नववं पान काढून टाकावं असं वाटलं, पण ते काढलं तर पुढची अकरा पानं अधांतरी राहत होती.

आठ पानं त्याने नीट वाचली. नवव्यावर सवयीने फळ्याकडे वळून त्याने १३०१ लिहिलं, पुढे बरोबरचं चिन्ह काढलं आणि त्याचा हात थांबला. मागे कुणीतरी खोकलं. त्याने १८८५ लिहिलं. मग वळून, ते का लिहिलं हे पहिल्यापासून सांगितलं.

विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, मग तुमच्या मांडणीत उरतं काय?

“नुरी उरतो,” हेमचंद्र म्हणाला. “तो दुभाषी होता. त्याने साहेबाच्या योजनेचं भाषांतर चोख केलंय.”



नकाराचं पत्र दहा दिवसांनी आलं. मृणालिनी दोन दिवस कामापुरतंच बोलली, तिसऱ्या दिवशी तिनेच आपल्या भावाला, विवेकला, फोन केला. तो पार पश्चिमेकडे, चँडलरला इंजिनिअर होता. त्याच्या ओळखीने एका कंपनीत जर्मन यंत्रांची मॅन्युअल्स इंग्रजीत करायचं काम मिळालं आणि व्हिसाही निभावला. मे महिन्यात त्यांनी जर्सी सोडली.

त्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी तो जवळच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेला. लेख ज्या नियतकालिकात आला होता, त्याच्या नव्या अंकात शेवटच्या पानावर, बारीक टाइपात त्याने पाठवलेल्या तीन ओळी होत्या. लेखातली तारीख चुकली आहे, त्यावरचा निष्कर्ष लेखक मागे घेत आहे. त्याने त्या दोनदा वाचल्या आणि अंक जागेवर ठेवला.

मृणालिनी बाहेर गाडीत थांबली होती.

“छापलं?”

“हो.”

“टिपणीसचं स्पेलिंग या वेळी तरी नीट केलंय ना?”

“केलंय,” तो म्हणाला आणि त्याने सीटबेल्ट लावला.