काटा डावीकडे

गिऱ्हाईक किती पाण्यात आहे हे लाँड्रीवाल्या वहिनी त्याच्या कॉलरवरून ओळखत. बाहेर साहेबी थाटात मिरवणारा माणूस बनियन जाळी होईपर्यंत वापरतो, आणि प्रेमात पडून लग्न केलेल्यांचे कपडे वर्षाच्या आत दोन वेगळ्या पिशव्यांतून लाँड्रीत येऊ लागतात, हे त्या रस्त्यावर त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशेबात न बसणारा माणूस एकच, आणि तोही घरातलाच: धाकटा दीर.

तिशी ओलांडलेली, कपाळावरचे केस मागे सरकू लागलेले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून त्याला ‘आधी काहीतरी चालवून दाखवा, मग या’ असं सांगून घरी धाडलं होतं. लाँड्रीमागच्या वाळवणाच्या खोलीत, खिडकीशी त्यानं टेबल मांडलं. काजळीच्या शाईत बुडवून काढलेल्या सुती पट्ट्या त्यावर उभ्या टांगल्या. पट्टीचं खालचं टोक पाण्याच्या बशीत, वरचं मोकळ्या हवेत. दोन्ही टोकांना तारा, आणि तारा एका मीटरला.

“भाऊजी, ही वीज येते कुठून?” वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“पाणी वर चढतं, तिथून उडून जातं, की मागून आणखी चढतं. काजळीच्या बारीक फटींतून जाताना ते विजेचा भार सोबत ओढून नेतं.”

“म्हणजे वाळतं म्हणून?”

“वाळत राहतं म्हणून.”

वहिनींचं निम्मं आयुष्य कपडे वाळायची वाट बघण्यात गेलं होतं. तो वेळ पाण्यात गेला असंच त्या धरून चालल्या होत्या. तेवढ्यात तिथे काहीतरी चाललेलं असतं म्हणे! मग काय, मीटरचा काटा मधल्या शून्यावरून उजवीकडे किती सरकला ते बघायला त्या गिऱ्हाईक उभं ठेवून आत डोकावू लागल्या.

आज सकाळी प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः येणार होत्या. काटा त्यांच्यासमोर हलला तर भाऊजींची जागा पक्की. नाही हलला तर थोरल्या भावानं विमा कंपनीत शब्द टाकून ठेवलाच होता. संध्याकाळी तिथे होकार कळवायचा.

त्या यायच्या तासभर आधी भाऊजींनी साचलेले क्षार निघावेत म्हणून पट्ट्या काढून दारामागच्या धुण्याच्या टबात भिजत ठेवल्या आणि ते दाढी करायला गेले. आता त्या टबात जे पडेल ते धुवायचं, ही वहिनींच्या हाताची जुनी खोड. हात डोक्याला विचारायला जात नसे. पहिल्या धुण्यात पाणी काळंकुट्ट झालं, पट्ट्या मात्र काळ्याच. डाग आपल्याला जुमानत नाही म्हटल्यावर वहिनी पेटल्या. पुन्हा पावडर, पुन्हा ब्रश. शेवटी सवयीनं, कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरच्या पाण्यातून पिळून काढताना त्यांना उमगलं की आपण हे काय करून बसलो.

“वहिनी!” अर्धी दाढी झालेले भाऊजी दारात उभे होते. “काय केलंत हे?”

“धुतल्या,” वहिनी बारीक आवाजात म्हणाल्या. “पण नाही हो निघाली काजळी. सगळी नाही.”

नव्या पट्ट्या करायला वेळ नव्हता. बाहेर रिक्षा थांबली होती. भाऊजींनी त्या राखाडी, गुलाबाच्या वासाच्या पट्ट्या तशाच टांगल्या, गालावरचा फेस बाहीनं पुसला आणि मॅडमना आत घेतलं.

मॅडम उंच, कोरड्या, कडक इस्त्रीतल्या. बसल्या नाहीत. पट्टी वरून वाळू लागली तसं खालून पाणी हळूहळू चढत गेलं. काटा थरथरला, थोडा रेंगाळला आणि सरकू लागला. डावीकडे.

“तारा उलट्या जोडल्यात,” मॅडम म्हणाल्या.

भाऊजींनी तारा पाहिल्या. “नाही मॅडम. बरोबर आहेत.” तारांची अदलाबदल करून काटा गुपचूप उजवीकडे नेता आला असता. वहिनींनासुद्धा ते सुचलं. पण भाऊजींचा हात तारेकडे गेला नाही. ते तोंड उघडं टाकून काट्याकडेच बघत राहिले होते.

“मी धुतल्या त्या,” वहिनींनी सांगून टाकलं. “चुकून. आणि वर सॉफ्टनर.”

“सॉफ्टनर?” मॅडम वळल्या. “न धुतलेली एखादी आहे?”

भाऊजींनी खणातून एक काळी पट्टी काढून टांगली. तिचा काटा उजवीकडे गेला. बदलून राखाडी टांगली, डावीकडे. मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

“सॉफ्टनरचा भार काजळीच्या उलटा असतो,” भाऊजी भराभर बोलू लागले. “तो फटींच्या भिंतींवर बसला असणार. भिंत बदलली की पाणी उलटा भार ओढणार!”

“असणार, असणार,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारपासून येऊन सिद्ध करा.”

“म्हणजे घेतलं यांना?” वहिनींना सरळ भाषेत ऐकायचं होतं.

“घेतलं हो.”

“मग विम्यात नाही म्हणून कळवा, भाऊजी. आणि आधी उरलेली दाढी करा.” काउंटरकडे निघता निघता वहिनी थबकल्या. “काय हो, सॉफ्टनर थोडंच घातलं तर? काटा मधेच उभा राहील?”

भाऊजींनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खांदे उडवले. “करून बघितल्याशिवाय कसं कळणार?”

बाहेर काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवत होतं. वाजवू दे, म्हणून वहिनींनी सॉफ्टनरच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि टबात आधी अगदी चमचाभरच ओतलं.