शून्य कुणी काढलं?

रश्मीने कॉम्प्युटरचा कीबोर्ड पुढे खसकन ओढला. संतापाने.

आगरदांड्याच्या या बर्फाच्या कारखान्यात सकाळी अमोनिया गळला होता. लाद्या काढणाऱ्या पुतळाबाईंचे डोळे भाजले, आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. त्यांना रिक्षात बसवत असतानाच मालक हरेश्वरशेठ सगळ्यांदेखत म्हणाले होते, "प्रोग्रॅम रश्मीचा. तिलाच विचारा."

प्रोग्रॅम तिचाच होता, बेसिक नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेतला. वायूच्या मीटरवरून आलेल्या आकड्याची हेक्समधली, म्हणजे सोळा चिन्हांच्या मोजणीतली, अक्षरं करून तो भोंग्याच्या बोर्डाला पाठवी. बोर्डाला दरवेळी दोन अक्षरं लागत. एकच आलं तर तो ते सोडून देई. हेक्समध्ये दहाचा नुसता A होतो, म्हणून रश्मीने पुढे शून्य जोडलं होतं: 0A. दहा हा धोक्याचा आकडा, त्याला भोंगा वाजलाच पाहिजे.

तिने प्रोग्रॅम उघडला. शून्य जोडणारी ओळ गायब.

"हे कुणी बदललं?"

"मी," शेठचा पुतण्या कमलेश म्हणाला. मशीनरूम त्याच्या ताब्यात होती. "फालतू लांबड होती यार. दोनशे टाकून बघितले ना मी, C8 आलं. बरोबर आलं."

"दहा टाकून बघितलेस? सकाळी मीटरवर दहाच होते."

तिने दहा टाकले. पडद्यावर एकटा A आला; एकच अक्षर, बोर्ड ते सोडूनच देणार.

"एका शून्याने काय एवढं..."

"ते पुतळाबाईंना विचार!"

शेठ आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "झालं ते झालं, रश्मी. शून्य टाक परत. मीटर बिघडला म्हणून सरकारी तपासनिसाला सांगू."

"मीटर धडधाकट आहे, शेठ. आणि सकाळी माझं नाव घेताना तुम्हाला दार लोटावंसं वाटलं नाही?"

तिने ओळ परत घातली, कारण उद्या इथे माणसंच उभी राहणार होती. एकेक आकडा टाकून पाहिला. दहाला भोंगा असा कोकलला की दिघीच्या फेरीबोटीसाठी थांबलेले लोक वळून बघू लागले.

"चल," ती कमलेशला म्हणाली. "दवाखान्यात. तुझ्या तोंडाने सांग. तपासनिसाला मी सांगणारच आहे."

पुतळाबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. एक डोळा वाचेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"काकी, ते मशीनमध्ये जरा..." कमलेश चाचरला.

"मशीनमध्ये नाही," रश्मी म्हणाली.

"मी बदललं. हिला न विचारता."

"शेट हिचं नाव घेत व्हते, तवा तू तितंच व्हतास ना?"

त्याने मान हलवली.

"काय रं? मला दिसत न्हाय. तोंडानं बोल."

"होतो," तो पुटपुटला.

पुतळाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा आता."

रश्मी बाहेर आली. राग जराही उतरला नव्हता. पायरीवर उभं राहूनच तिने तपासनिसाला फोन लावला.