बाभळीचा अडसर

मित्रांनो, दार लावलं की आतून आडवा घालतात ना, तो बाभळीचा जुना अडसर मी. फुलंब्रीजवळच्या एका गावी रामकिसन सुतारानं मला तासलं आणि द्वारकाबाईंच्या घराला बसवलं.

निजामाच्या राज्यात रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, तेव्हा आमच्याही दारावर लाथा बसल्या. मी तुटलो नाही. शेजारच्या खतिजाबीनं टोळीला सांगितलं, घरात कुणी नाही, सगळे पैठणला गेलेत. टोळी परतली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी हळदकुंकू मात्र मला वाहिलं आणि मी ताठलो.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि रझाकारांवरचा राग गावोगावच्या मुसलमानांवर निघू लागला. आता जीव घेऊन पळायची पाळी खतिजाबीवर आली. भर दुपारी कडेवर मूल घेऊन ती आमचं दार वाजवू लागली. फळीला तोंड लावून हळूच म्हणाली, "द्वारका." द्वारकाबाईंचा हात माझ्यापर्यंत आला आणि मागं गेला. आतल्या खोलीत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा बन्सी कान झाकून बसला होता. थोड्या वेळानं वाजणं थांबलं.

बन्सी मोठा झाला, औरंगाबादेत नोकरीला लागला. द्वारकाबाईंनी मलाही सोबत आणलं. दार वाजलं की घरातलं बोलणं थांबे. बन्सी ओठांवर बोट ठेवी. त्याची लेक आशाही तेच शिकली. शेजारच्या आवडाबाई चिडवत, "तुमच्याकडं यायचं म्हंजी कलेक्टरचा परवाना लागतो, मावशी."

एकदा नऊ वर्षांची आशा एकटीच घरी होती. आवडाबाईंच्या पोराच्या पायावर उकळतं पाणी सांडलं आणि त्या मदतीसाठी आमचं दार बडवू लागल्या. आशा दोन्ही हातांनी मला दाबून उभी राहिली. शेवटी पलीकडच्या घरातल्यांनी पोराला दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी बन्सीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणी माझी पोर. उघडलं नाय."

द्वारकाबाईंनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. "तिला शहाणी म्हणू नको, बन्सी. त्या दुपारी दारात रझाकार नव्हते. खतिजा होती, लेकरू घेऊन. मी उघडलं नाय."

बन्सीनं आशाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "त्या दुपारी रझाकारच आले होते असं समजून मी आजवर भीत आलो, आई."

दुसऱ्या दिवशी आशाचा हात धरून द्वारकाबाई आवडाबाईंकडं गेल्या. आवडाबाईंनी चिडवलं नाही. तेच जास्त लागलं.

मित्रांनो, मी लाकूड. मला हात कळतो, हातामागचं कारण कळत नाही. तुम्हाला कळू शकतं. घरातलं मोठं माणूस उगाच दचकत असेल, तर नुसतं त्याच्यासारखं दचकायला शिकू नका. जवळ बसा, काय झालं होतं ते विचारा. आमच्याकडं पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून एका पोराला भाजल्या पायानं दुसऱ्या दाराची वाट पाहावी लागली.