टिनाचा दात आणि खरी दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. दातदुखी बरी करणारी संत-आई अपोलोनिया, देवळातल्या तिच्या मूर्तीच्या पायाशी काचेच्या पेटीत माझा मुक्काम आहे आणि खरं सांगते, माझा राग अजून गेलेला नाही.

ग्वातेमालाच्या डोंगरातल्या एका गावात, निकोलासा नावाच्या मुलीच्या खालच्या जबड्यात मी उगवले. मक्याच्या भाकरी, घेवडा, उसाची कांडी, सारं मी दळलं. निकोलासा मोठी होऊन देवळातली गायिका झाली. पाद्रीबाबा प्रवचन करत आणि तीच कथा ती कडव्यांत बांधून गाई. ऐकताना म्हाताऱ्यांचे डोळे भरून येत. तिच्या स्वराला मी आतून टेकू देत असे. पण दाढेचं कौतुक कोण करतं?

गुळाच्या खड्यांनी मला आतून पोखरलं. मग सगळे मलाच शिव्या देऊ लागले.

"उपटून टाक मेलीला!" तिच्या लेकाची धर्ममाता फेर्मिना म्हणाली. "रूट कॅनल केलं की डोळा जातो म्हणे."

"तुझ्या दाढा आधीच गेल्यात, तुला काय जातंय सांगायला!" निकोलासा कण्हत म्हणाली. ती संताला नवस बोलली आणि तिने दवाखाना गाठला.

डॉक्टर मिरेया मात्र माझ्याशी माणुसकीने वागल्या. हिरडीत इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला. रबराचा पडदा लावून सुईसारख्या बारीक कानशींनी माझ्या मुळांतली सडलेली नस काढली. निकोलासाला नुसता दाब जाणवला. वर तात्पुरतं भरण घातलं.

"बाई, दोन-तीन दिवस चावताना ठणकेल, घाबरू नका. पण काम अर्धंच झालंय. पुढच्या आठवड्यात मुळं कायमची भरायची, मग वर टोपी बसवायची. तोवर या बाजूने कडक काही खाऊ नका."

ठणका थांबला. निकोलासाने नवस फेडला आणि संताच्या मूर्तीच्या चौकटीला टिनाचा चिमुकला दात टांगला. आमच्याकडे असा दात टांगला की दुखणं मिटलं असं मानतात. त्यानंतर पुन्हा डॉक्टरकडे जाणं म्हणजे संतावर अविश्वास!

"संताने बरं केलं ना? मग आता कशाला जाऊ?" ती म्हणाली.

अहो, मी आतून पोकळच राहिले होते! ओरडून सांगावं, तर दाढेला नस उरली नव्हती. संताच्या सणाच्या तोंडावर तिने भाजलेला मका कडाकडा फोडला. भरण निखळलं, मी मुळापर्यंत चिरले, गाल टम्म सुजला. सणाच्या दिवशी तिच्या जागी दुसरीच कुणी गायली.

"आता वाचवता येणार नाही," डॉक्टर हळहळल्या. "संताने तुम्हाला माझ्या दारापर्यंत आणलं होतं, बाई. परत यायचं तेवढं तुमच्या हाती होतं."

त्यांनी मला उपटून काढलं, तशी निकोलासा रडली. मला धुऊन, पुसून तिने इथे ठेवलं.

पुढच्या सणाला ती गायली. संताची कथा संपवून तिने नवं कडवं लावलं: "दुखणं थांबलं, काम नाही संपलं, आई, परत जायची बुद्धी दे." सारं देऊळ तिच्यामागे म्हणू लागलं. खोटं कशाला बोलू, मीही विरघळले.

पण गाणं संपताच एक जण सुजरा गाल घेऊन आला आणि टिनाचा दात टांगू लागला. निकोलासाने त्याचा हात धरला.

"आधी सांग, डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय?"

मित्रांनो, नवस जरूर फेडा. पण दाढेचं अर्धं काम सोडून टिनाचा दात टांगू नका. इथे या पेटीत माझ्या शेजारी अजून जागा आहे, ती भरायला येऊ नका.