पासष्ट भरेपर्यंत

“बराबर हाये मावशी. पेन्शन कमी होणारच होती,” फाइलीतून डोकं वर न काढता मंजुषा मॅडम म्हणाल्या.

टेबलासमोर उभ्या असलेल्या भुरीबाईचा जीव भांड्यात पडला. पैसे गेले तर गेले, पण सून चोर नव्हती.

भुरीबाईचा नवरा दौलतसिंग सरकारी रस्त्यावर मैलकामगार होता. आसेगावकडच्या रस्त्याचे खड्डे बुजवण्यात आणि कडेच्या झाडांना चुना लावण्यात त्याची तीस वर्षं गेली. रिटायर झाला आणि तिसऱ्याच वर्षी वारला. तेव्हापासून त्याची पेन्शन भुरीबाईला मिळत होती. बँकेतून पैसे काढून आणायची ती सून उज्ज्वला. तेवीस हजार यायचे, जुलैपासून चौदाच हातावर पडू लागले. “एवढेच आले आई,” उज्ज्वला म्हणाली. भुरीबाईनं पैसे मोजून डब्यात ठेवले; पण त्या दिवसापासून तिला सुनेच्या हातचा चहा गोड लागेना. आज घरी काही न सांगता ती एसटीत बसली आणि तालुक्याच्या कचेरीत आली.

“पण कमी काहून केली, मॅडम?”

“नियम हाये. साहेब असते तर ज्या दिवशी पासष्टचे झाले असते, त्या दिवसापर्यंत जास्ती पेन्शन. मंग कमी. पगाराच्या अर्धी भेटत होती, आता शंभरातले तीस. हे पाहा, जन्मतारीख बारा जून.”

कोणी दौलतसिंगला साहेब म्हटल्याचं भुरीबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

“जून? जूनमंदी नाही जलमले ते.”

“तुमाले तारीख माहीत हाये?”

“तारीख नाही मालूम. पण माही सासू कापूस येचता येचता वावरातच बाळंत झाली होती. कमरेले बांधलेल्या वट्यातल्या कापसावरच निजवलं म्हणे पोराले. जूनमंदी कुठचा आला बाई कापूस?”

मंजुषा मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठल्या आणि कपाटातून सुतळीनं बांधलेलं एक जुनं सेवापुस्तक काढून आणलं. पहिलं पान उघडून तिथेच थांबल्या. तारीख अक्षरात लिहिलेली होती : बारा डिसेंबर एकोणीसशे साठ.

“मावशी, कोणीतरी उतरवताना चुकलं. सहा महिने आधीच कापली तुमची पेन्शन.”

“म्हंजे त्याइचे पासष्ट अजून भरलेच नाही?”

“नाही भरले.”

भुरीबाई पदर तोंडाला लावून हसली. मॅडमनी सांगितला तसा अर्ज दिला, खाली वेडीवाकडी सही केली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिनं उज्ज्वलाला सगळं सांगितलं. मनात आलेला संशयही लपवला नाही. उज्ज्वला भाकर थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मले समजत होतं आई. बँकेच्या पावत्या जपून ठेवल्या म्या. तुमी कधी इचारलंच नाही.”

“चुकलं माह्यं.”

“जाऊ द्या. भाकर गरम हाये, बसा.”

दिवाळीच्या आधी कापलेले पैसे परत आले. त्यातून भुरीबाईनं सुनेला शिलाई मशीन घेऊन दिली. उज्ज्वला नको नको म्हणत राहिली आणि दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसली.

बारा डिसेंबरला भुरीबाईनं सकाळीच लापशी शिजवली. उज्ज्वलाला नवल वाटलं.

“आज कोनता सण हाये आई?”

“आज तुह्या सासऱ्याचे पासष्ट भरले. जितेपनी कधी वाढदिवस केला नाही त्याइचा. तारीखच मालूम नव्हती.”

“असते तर काय म्हनले असते?”

“काय म्हनतीन? सुटी नाही म्हनून रस्त्यावर गेले असते.”

दोघीही हसल्या. भुरीबाईनं नवऱ्याच्या नावानं लापशीचा पहिला घास चुलीतल्या निखाऱ्यावर सोडला. तूप चरचरलं, धूर छपराकडे गेला.

“उद्यापासून चौदा हजार,” ती म्हणाली आणि सुनेच्या ताटात आणखी एक डाव वाढला.