अंड्यांच्या खोलीतला दुभाषी

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हर्टर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे पोहोचवले आणि त्यात पदरचे एक अक्षर घातले नाही. आज पहिल्यांदाच स्वतःचे सांगायला बसलो आहे, तेव्हा थोडे तिखटमीठ लागले तर रागावू नका.

दिसायला मी काडेपेटीएवढा. एका बाजूला संगणकात खुपसायची शेपटी, दुसऱ्या बाजूला दोन तारा आवळायचे स्क्रू आणि अंगावर दोन हिरवे दिवे. मी बोललो की एक लुकलुकतो, ऐकले की दुसरा. ज्या कारखान्यात जन्मलो तिथे मला इतकी भावंडे होती की नावे ठेवायला कोणाला सवडच मिळाली नाही. पाठीवर आकडे छापले आणि मोकळे झाले.

माझे काम दुभाष्याचे. यंत्रे चालवणारे जुने कंट्रोलर दोन तारांवरून सावकाश, एकेक अक्षर सुटे करून बोलतात. संगणकाला धीर नसतो आणि त्याची भाषाही निराळी. मी मध्ये बसून याचे त्याला आणि त्याचे याला समजावतो. माझा मालक यंत्रे दुरुस्त करणारा इंजिनिअर. त्याच्याबरोबर मी कागदाची गिरणी पाहिली, बाटल्या भरणारी यंत्रे पाहिली. एकदा एका लिफ्टशी माझ्या अशा गप्पा रंगल्या की ती गप्पांच्या नादात गच्चीच्याही वर निघाली होती. मालकाने वेळीच वायर काढली म्हणून बरे.

पुढे बिनतारी यंत्रे आली आणि माझी रवानगी खणात झाली. सोबतीला वाळलेली पेने आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या. “याला आता कोण विचारतंय?” असे मालक म्हणाला, ते मी या कानांनी ऐकले.

मग एके सकाळी मालकाच्या सासूबाईंचा फोन आला. अंडी उबवून पिल्ले विकणे हा त्यांचा धंदा. त्यांच्या यंत्राचा कंट्रोलर ठणठणीत होता, पण त्याला हुकूम द्यायचा भिंतीवरचा पडदा काळाठिक्कर पडला होता. या यंत्रात अंड्यांचे ट्रे सारखे इकडून तिकडे कलंडत राहतात. पिल्ले निघायच्या आधी मात्र ते थांबवावे लागतात, नाहीतर आतल्या पिल्लाला चोच कुठे मारावी तेच उमगत नाही. थांबवायचा दिवस नेमका तोच होता. यंत्राचे बटण बंद करावे, तर ऊबही जाणार.

मालकाने मला खणातून उपसले, बायकोला बरोबर घेतले आणि सासुरवाडी गाठली. माझ्या तारा जोडल्या, शेपटी संगणकात खुपसली. संगणकाने विचारले, मी पोहोचवले. उत्तर आले ते सगळे कालवाकालव झालेले.

“जावईबापू, झालं का?”

“होतंय आई.”

“होतंय होतंय म्हणता म्हणता पिल्लं आतच म्हातारी व्हायची!”

“आई, करू दे ना गं त्यांना,” लेक म्हणाली आणि लगेच नवऱ्याकडे वळली. “अहो, तारा उलट्या लागल्यात का?”

“उलटून पाहिल्या.”

“मग हे डबडंच गेलंय. नवीन घ्या म्हणत होते मी.”

डबडे! मित्रांनो, मला तोंड असते तर सांगितले असते. एका तारेवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा आमच्या घराण्याचा नियम. इथे कोणीतरी तिसराच मध्ये तोंड घालत होता आणि माझ्या कानात दोघांचा गोंधळ चालला होता. बाहेर या तिघांचा.

शेवटी मालकाने कंटाळून संगणकावरचा प्रोग्राम बंद केला. मी जीव तोडून ऐकायचा दिवा लुकलुकवला.

“बघा, याचा आगाऊपणा!” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही हात टेकलेत, तरी हा डोळा मारतोय.”

मालक हसला आणि हसता हसता थांबला. “एक मिनिट. मी काही विचारतच नाहीये. कंट्रोलर विचारल्याशिवाय बोलत नाही. मग हा ऐकतोय कोणाचं?”

खोलीत पहिल्यांदाच शांतता पसरली. तिघांची नजर तारेवरून सरकत सरकत भिंतीवरच्या काळ्या पडद्यापाशी पोहोचली. त्याचा उजेड गेला होता, जीभ शाबूत होती. आतल्या आत तो कंट्रोलरला सारखा विचारत होता, “ऊब किती? ट्रे कुठे?”

“म्हणजे दिसत काही नाही, पण बडबड चालूच?” सासूबाईंनी विचारले.

“अगदी आत्यासारखी,” लेक म्हणाली. “डोळा लागला तरी तिचं बोलणं सुरूच असतं.”

मालकाने पडद्याच्या तारा सोडवल्या. मी पुन्हा विचारले. कंट्रोलरने स्वच्छ, सावकाश उत्तर दिले. संगणकाचा हुकूम मी जसाच्या तसा त्याच्या कानी घातला. कलंडलेले ट्रे हळूहळू सरळ झाले आणि थांबले. सासूबाईंनी यंत्राच्या काचेवर तळवा टेकला. “थांबले गं बाई,” एवढेच म्हणाल्या आणि पदराने नाक पुसले.

त्यांनी मला परत जाऊ दिले नाही. “हा आता इथला,” म्हणाल्या आणि यंत्राशेजारी माझ्यासाठी खिळा ठोकला. पिल्ले निघाली तेव्हा सगळी एकदम बोलत होती. आमचा नियम पार धाब्यावर बसला, पण कोणी कोणाला गप्प केले नाही. पुढे मी खिळ्यावरून पडलो, तेव्हा एका कोंबडीने मला दुपारभर उबवलेसुद्धा. खोटे वाटत असेल तर तिला विचारा. माझ्यातून काही निघाले नाही म्हणून ती अजून माझ्यावर रुसून आहे.

तुमच्याही घरी एखाद्या खणाच्या तळाशी माझा भाऊबंद पडला असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा जोडून पाहा. काढताना वायर धरून हिसका देऊ नका, डोके धरून हळूच काढा. आणि त्याचा दिवा उगाचच लुकलुकतो आहे असे वाटले, तर घटकाभर सगळे गप्प बसा. तो कोणाचे तरी ऐकत असेल.